आगेवाला

दोह्यात आई-वडील आले की त्यांना काय काय दाखवायचं, याची आपल्या सगळ्यांची यादी साधारण एकच असते. सूक वाकिफ, कतारा, कॉर्निशवरची नावेतली फेरी, इस्लामिक म्युझियम, एखाद्या शुक्रवारी वाळवंटातली सफारी. पहिल्या आठ-दहा दिवसांत यादी संपते आणि मग आई-वडील घरात बसून गॅलरीतून रस्ता बघायला लागतात. जानेवारी २०२४ मध्ये अण्णा आमच्याकडे अल गराफाला आले तेव्हा हेच झालं.

आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच वारी. वय चौऱ्याहत्तर. भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून आयुष्य काढलं, निवृत्त होऊनही पंधरा-सोळा वर्षं झाली. तब्येत काटक, बोलणं मोजकं. सकाळी सहाला उठून गराफाच्या गल्ल्यांमधून तासभर चालून यायचे आणि विचारायचे, "इथं माणसं राहतात की नुसत्या भिंती?" आमचा भाग म्हणजे उंच कुंपणांचे व्हिला आणि त्यामधून जाणारे सरळ रस्ते, त्यामुळे त्यांचं चुकत नव्हतं. त्यात एशियन कप चालू होता. घराघरांवर मरून-पांढरे झेंडे लागले होते, तेवढाच काय तो रंग.

एका संध्याकाळी मुलीला क्लासहून आणायला गाडीने निघालो होतो. एज्युकेशन सिटीच्या बाजूने जाताना डावीकडे एकदम हिरवंगार माळरान दिसतं. अण्णा काचेला नाक लावून बघत राहिले.

"हे काय गं?"

"गोल्फचं मैदान आहे अण्णा. श्रीमंतांचा खेळ. तुम्हाला नाही कळायचं ते."

मी सहज बोलून गेले. सिग्नल होता, मागचा हॉर्न वाजवत होता, मुलीचा फोन येत होता. अण्णा "बरं" म्हणाले आणि समोर बघायला लागले. ते वाक्य मला नंतर किती दिवस टोचत राहणार आहे, याची तेव्हा काहीच कल्पना नव्हती.

मी एका इंजिनिअरिंग कंपनीत कागदपत्रांचं काम बघते. आमचे विभागप्रमुख जपानी. साठीला आलेले, उंचीने माझ्याएवढेच, कधीही आवाज न चढवणारे गृहस्थ. कतारमध्ये जपानी माणूस दिसला की तो बहुतेक वेळा गॅसच्या निमित्ताने आलेला असतो. कतारच्या द्रवरूप नैसर्गिक वायूचं पहिलं जहाज जानेवारी १९९७ मध्ये जपानलाच पोचलं होतं. तिथल्या वीज कंपनीने आधी खरेदीचा करार केला म्हणून रास लफानचा हा सगळा पसारा उभा राहू शकला, असं साहेब अभिमानाने सांगतात. या लोकांचं दुसरं वेड म्हणजे गोल्फ. शुक्रवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून बॅगा ठेवणारी मंडळी दिसली, तर त्यांत निम्मे जपानी-कोरियन असतात.

साहेबांकडून मी जपानच्या गोल्फबद्दल बरंच ऐकलं होतं. तिथे हा खेळ आणला एका इंग्रज व्यापाऱ्याने. कोबे शहरामागच्या रोक्को डोंगरावर १९०३ मध्ये पहिला क्लब निघाला. पण सामान्य माणसाला त्याची गोडी लागली ती १९५७ मध्ये. टोकियोजवळ सैतामा प्रांतात कासुमिगासेकी कंट्री क्लब आहे. तिथे झालेल्या कॅनडा कपमध्ये जपानच्या दोघा खेळाडूंनी सगळ्या जगाला हरवलं. युद्धात सगळं गमावलेल्या देशाला त्या विजयाचं फार अप्रूप होतं, आणि तिथून गावोगाव कंट्री क्लब उभे राहिले.

त्यांच्या खेळण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. नऊ होल झाले की सगळे क्लबहाउसमध्ये जाऊन रीतसर जेवतात, मग उरलेले नऊ. खेळ संपला की गरम पाण्याच्या मोठ्या हौदात सगळ्यांची आंघोळ. पुष्कळ जुन्या मैदानांवर एका होलला दोन-दोन हिरवळी असत, एक उन्हाळ्याच्या गवताची आणि एक हिवाळ्याच्या. आणि ऐकून मला हसू आलं होतं ती गोष्ट म्हणजे विमा. एका फटक्यात चेंडू थेट भोकात गेला, तर ज्याने मारला त्याने सगळ्यांना मेजवानी आणि भेटी द्यायच्या असा तिथे रिवाज आहे. तो खर्च झेपत नाही म्हणून त्याचा विमा मिळतो! आपल्याकडे पोरगा पास झाला की पेढे वाटतो, त्यातलाच प्रकार. फक्त पेढ्यांचा विमा काढायचं आपल्याला अजून सुचलेलं नाही.

साहेबांची बदली ठरली होती. मार्चअखेर ते कायमचे जपानला परतणार होते. फेब्रुवारीत कतार मास्टर्स ही स्पर्धा होती, आणि शेवटच्या दिवशी, ११ तारखेला, त्यांचा रिकुया होशिनो विजेतेपदाच्या शर्यतीत होता. साहेबांनी रजा टाकली होती. मला म्हणाले, "तुमचे वडील आले आहेत ना? घेऊन या. मोकळी हवा आहे, चालणं आहे." त्यांनी मलाही अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली. रविवार, म्हणजे इथला कामाचा दिवस. त्यात आदल्या रात्री कतारने लुसेलला जॉर्डनला ३-१ हरवून एशियन कप जिंकला होता आणि आमच्या गराफात पहाटेपर्यंत गाड्यांचे हॉर्न वाजत होते. झोप कुणाचीच झाली नव्हती. अण्णा मात्र सहाला तयार. इस्त्रीचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला टोपी.

"अण्णा, कंटाळा आला तर सांगा, लगेच परत येऊ," मी म्हणाले. ते नुसते हसले.

दोहा गोल्फ क्लब गराफाहून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. पीटर हॅराडाइन यांनी आखलेलं अठरा होलचं हे मैदान सात हजार तीनशे यार्डांहून लांब आहे. १९९८ पासून बहुतेक वर्षं इथेच कतार मास्टर्स होते. २००६ च्या एशियाडमधलं गोल्फही इथेच झालं होतं आणि भारताच्या मुलांनी सांघिक रौप्यपदक घेतलं होतं. त्या संघात कोवळा अनिर्बान लाहिरी होता. आत शिरलं की डोळ्यांना खरंच बरं वाटतं. चुनखडीचे ओबडधोबड दगड, अमेरिकेतल्या ॲरिझोनाहून आणून लावलेले माणसाहून उंच निवडुंग, तळी, आणि मधून वाहत गेल्यासारखा हिरवा पट्टा. पट्ट्याच्या कडेला पाऊल टाकलं की पुन्हा वाळू.

"पाणी कुठनं आणतात?" अण्णांचा पहिला प्रश्न.

वर्षाला जेमतेम पंच्याहत्तर मिलिमीटर पाऊस पडणारा हा देश. प्यायचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं. बागांना आणि हिरवळींना मुख्यतः सांडपाणी शुद्ध करून घालतात, असं मी सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. "म्हणजे आपण घरात भांडी घासतो ते इथं येतं. चांगलंय. आपल्याकडं नदीत सोडतात."

साहेबांनी मग तेल कंपन्यांच्या जुन्या दिवसांबद्दल सांगितलं. दुखान आणि मेसईदला अजून वाळूची गोल्फ मैदानं आहेत. अशा मैदानांवर हिरवळ नसतेच. वाळूत तेल कालवून ती दाबून बसवायची, त्याला म्हणायचं 'ब्राउन'. खेळणारा आपल्याबरोबर प्लास्टिकच्या गवताचा तुकडा घेऊन फिरतो आणि प्रत्येक फटक्याआधी तो चेंडूखाली सरकवतो. हे मी अण्णांना मराठीत सांगितल्यावर ते पहिल्यांदा मोकळेपणी हसले. "हौसेला मोल नाही," म्हणाले.

आम्ही दोरीच्या बाहेरून खेळाडूंबरोबर चालायला लागलो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात यायला लागलं की काहीतरी वेगळं चाललंय. गोल्फ बघायला गेलेल्या नवख्या माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण माझं तेच झालं होतं. नको तेव्हा बोलायचं, नको तिथे उभं राहायचं, स्वयंसेवकाने पाटी वर केली की दचकायचं. अण्णांना कुणी काही सांगावंच लागलं नाही. खेळाडू चेंडूजवळ पोचायच्या आत ते थांबलेले असायचे. एका हिरवळीशी त्यांनी माझं कोपर धरून मला दोन पावलं मागे घेतलं. "सावली काढ. त्याच्या वाटेवर पडतीय."

मी बघितलं, तर माझी सावली दोरीवरून आत गेली होती.

आणखी एक. सगळे लोक खेळाडूंकडे बघत होते, अण्णा बॅगा वाहणाऱ्यांकडे. कोण कुठे उभा राहतो, झेंडा कोण काढतो, वाळूचा खड्डा कोण कसा सारखा करतो. मधेच पुटपुटायचे, "हा चांगलाय," किंवा "ह्याचं लक्ष नाही."

पुढे एका होलवर एका खेळाडूचा पहिला फटका भरकटला. चेंडू आकाशात गेला तो आम्हाला कुणाला दिसलाच नाही. उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती. पुढे झुडपं आणि दगड. स्वयंसेवक शोधायला लागले. अण्णांनी कपाळावर हात आडवा धरला होता तो खाली घेतला आणि हनुवटीने दाखवलं. "त्या निवडुंगाच्या पल्याड. दगडावर आपटून डावीकडं गेला."

मी ते भाषांतर करून सांगावं की नाही या विचारात होते, तोवर साहेबांनी त्यांच्या नजरेच्या रोखाने बघून स्वयंसेवकाला खूण केली. चेंडू तिथेच होता. साहेबांनी अण्णांकडे नीट वळून बघितलं. काही बोलले मात्र नाहीत.

होशिनोचा खेळ शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. त्याच्या मागच्या दोन महिन्यांचा हिशेब साहेबांना तोंडपाठ होता. नोव्हेंबर-डिसेंबरात ऑस्ट्रेलियात लागोपाठ दोन मोठ्या स्पर्धांत तो दुसरा आला होता, त्यातली एक तर प्लेऑफमध्ये गेली. आता पुन्हा तसंच होतंय की काय, या धास्तीने साहेब शेवटच्या होलपाशी रुमालाची घडी घालत होते आणि उलगडत होते. फ्रान्सचा उगो कुसो पाठीवरच होता. शेवटी होशिनो एका फटक्याने जिंकला, चौदा अंडर पार. साहेबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात मांडीला लावून हिरवळीच्या दिशेने कमरेत वाकले आणि तसेच थोडा वेळ राहिले.

नंतर आम्ही सावलीला बसलो. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, साहेबांनी डब्यात भाताचे त्रिकोणी गोळे आणले होते. खाता खाता साहेबांनी इंग्रजीत विचारलं, "तुमचे वडील गोल्फ खेळायचे का?"

मी हसून म्हणाले, "छे हो, नाही." आणि तरी अण्णांना मराठीत विचारलं, "साहेब विचारतायत, तुम्ही खेळत होता का?"

अण्णांनी घास संपवला. पाणी प्यायले.

"खेळलो नाही. पळलो."

आणि मग ते सांगायला लागले. माझ्याकडे बघून नाही, समोरच्या मैदानाकडे बघून. पानशेतचं धरण फुटलं, १२ जुलै १९६१. त्यांचं घर नदीकाठी, आजोबांचं इस्त्रीचं दुकान खालीच. दोन्ही एका दुपारीत गेलं. एवढं मला माहीत होतं, आमच्या घरात पानशेतचं नाव निघालं की आजी उठून आत जायची. पुढचं मला माहीत नव्हतं. सगळं कुटुंब मावशीकडे कॅम्पापलीकडे राहायला गेलं. अण्णा अकरा वर्षांचे. मावसभाऊ जवळच्या एका गोल्फच्या मैदानावर जायचा, त्याने यांनाही नेलं. बॅग उचलण्याएवढं अंग नव्हतं, म्हणून यांना आगेवाला केलं. आगेवाल्याने खेळणाऱ्यांच्या पुढे दोनशे पावलांवर जाऊन उभं राहायचं, चेंडू कुठे पडतो ते बघायचं आणि तिथे जाऊन थांबायचं. चेंडू कावळ्याने, घारीने उचलायच्या आत. एका फेरीचे बारा आणे. चेंडू हरवला तर कधी तेही नाहीत. दोन वर्षांनी बॅग मिळाली, म्हणजे बढती. दहावीपर्यंतची फी, बहिणीची पुस्तकं, आजोबांचं औषध, सगळं त्यातनं. पुढे आयटीआय झाली, भोसरीची नोकरी लागली आणि ते मैदान सुटलं.

हे सगळं मला इंग्रजीत सांगायचं होतं. माझ्या वडिलांचं लहानपण मी पहिल्यांदा ऐकत होते आणि त्याच वेळी ते माझ्या साहेबांना भाषांतर करून सांगत होते.

इथे एक कबुली देते. मी ते जसंच्या तसं सांगितलं नाही. पूर सांगितला, घर गेलं ते सांगितलं. पण पुढे माझी जीभ अडली. ऑफिस, साहेब, आजूबाजूला बसलेली कोट-टोप्या घातलेली माणसं. मी म्हणाले, "लहानपणी त्यांचा पुण्यातल्या एका गोल्फ क्लबशी संबंध होता."

अण्णांना इंग्रजी बोलता येत नाही, पण कारखान्यात चाळीस वर्षं ड्रॉइंग वाचलेल्या माणसाला शब्द कळतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग साहेबांकडे वळून, छातीवर बोट ठेवून स्वतःच म्हणाले, "कॅडी, सर. आय, कॅडी. फाइव्ह इयर."

माझ्या कानशिलांपर्यंत ऊन चढलं. साहेब डबा बाजूला ठेवून उभे राहिले. मगाशी होशिनोसाठी वाकले होते तसेच अण्णांपुढे वाकले. अण्णा गडबडीने उठले आणि त्यांनी नमस्कार केला. दोघे एकमेकांना वाकून नमस्कार करतायत आणि मी दशमीचा तुकडा हातात धरून मधे बसलेय, असं ते दृश्य.

मग साहेबांनी जे सांगितलं ते मी एकही शब्द न गाळता अण्णांना सांगितलं. जपानचे इसाओ आओकी म्हणून फार मोठे खेळाडू. १९८३ मध्ये अमेरिकेचा टूर जिंकणारे पहिले जपानी, त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमध्ये युरोपियन ओपनही जिंकली. पुढे जागतिक गोल्फच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. ते शाळकरी वयात आबिको गोल्फ क्लबवर कॅडी होते. "आमच्याकडे कॅडी बहुतेक बायका असतात," साहेब म्हणाले. "माझ्या क्लबवरच्या बाई साठीच्या आहेत. मी कुठली काठी घ्यायची ते त्या ठरवतात. त्यांचं ऐकलं नाही की मी हरतो."

अण्णा म्हणाले, "आपल्याकडंपण झालेत. अली शेर. एक्क्याण्णव साली इंडियन ओपन मारली त्यानं. कॅडींमधलाच. पेपरात फोटो आला होता, मी कापून ठेवला होता."

तो फोटो मी कधी पाहिलाच नव्हता.

घरी येताना गाडीत मला आणखी एक गोष्ट आठवली. ७ ऑगस्ट २०२१ चा शनिवार. कोरोनाचे दिवस, मी इथे, आई-अण्णा पुण्यात. सकाळी सकाळी अण्णांचा फोन. "टीव्ही लाव. आपली एक पोरगी गोल्फ खेळतीय ऑलिंपिकमध्ये. मेडल येतंय बहुतेक." मी म्हणाले होते, "अण्णा, सुट्टीचा दिवस आहे, झोपू द्या. गोल्फ कोण बघतं?" ती अदिती अशोक होती. एका फटक्याने तिचं कांस्यपदक हुकलं, चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण मिळवलं आणि देश ते विसरून गेला. ते ऑलिंपिक गोल्फ कुठे झालं होतं? साहेबांच्या त्याच कासुमिगासेकी कंट्री क्लबवर. पुरुषांमध्ये आपला पुण्याचा उदयन मानेही तिथे खेळला होता. आणि अदितीची बॅग कुणी वाहिली होती? तिच्या आईने. सगळी स्पर्धा. त्याच क्लबने बायकांना पूर्ण सभासदत्व द्यायला २०१७ साल उजाडावं लागलं होतं, तेही ऑलिंपिक समितीने दबाव आणल्यावर. तिथे एक भारतीय आई खांद्यावर लेकीची बॅग घेऊन चालत होती आणि पुण्यात माझे वडील ते एकटे बघत होते. मला ते दाखवायचं होतं. मी झोपले.

रात्री जेवणं झाल्यावर मी विचारलं, "अण्णा, इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तुझ्या आईला माहीत होतं."

"मला का नाही?"

"सांगण्यासारखं काय त्यात? तू शाळेत होतीस तेव्हा तुझ्याबरोबर डॉक्टर-वकिलांच्या मुली. म्हटलं, बाप टर्नर आहे एवढं पुरे." थोडं थांबून म्हणाले, "एकदा चेंडू लागला होता भुवईला. हा बघ. ज्याचा लागला त्यानं चेंडू कुठं गेला ते आधी विचारलं. तसल्या गोष्टी पोरांना कशाला सांगायच्या?"

तो व्रण मशीनवर काम करताना झाला, असं आम्हा भावंडांना लहानपणापासून सांगितलं होतं.

मी म्हणाले, "त्या दिवशी गाडीत मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. तेव्हा तरी बोलायचं."

अण्णा हसले. "मला तर बरं वाटलं. म्हटलं, हिला कळू द्यायचं नव्हतं ते जमलं आपल्याला."

माझ्याकडे यावर काही उत्तर नव्हतं. अजून नाही.

पुढच्या शुक्रवारी साहेबांचा फोन आला. एज्युकेशन सिटीच्या मैदानावर सरावाला जातोय, अण्णांना पाठवाल का? हे मैदान स्पेनच्या होझे मारिया ओलाथाबालने आखलेलं, आमच्या घरापासून अगदी जवळ. पहिल्या दिवशी काचेला नाक लावून अण्णा बघत होते तेच. मीही गेले. सरावाच्या हिरवळीवर साहेबांनी चेंडू ठेवला, भोक पंधरा पावलांवर. अण्णांना विचारलं, "कुठून जाईल?"

अण्णा चेंडूमागे उकिडवे बसले. मग भोकापाशी जाऊन उलट्या बाजूने बघितलं. हिरवळीवरून तळवा फिरवला. मला म्हणाले, "सांग त्यांना, चढ डावीकडं दिसतोय, पण गवताचा भांग उजवीकडं पाडलाय. भोकाच्या बाहेर वीतभर मारा, आपोआप आत येईल."

'गवताचा भांग' इंग्रजीत कसा सांगायचा? मी आपल्या डोक्यावर हात फिरवून दाखवला. साहेबांना लगेच कळलं. जपानच्या जुन्या हिरवळींवर कोराई नावाचं गवत असतं, त्याची पाती अशीच एका बाजूला निजतात आणि चेंडूला ओढतात, असं ते म्हणाले. मारला. चेंडू वळला आणि आत गेला.

मग साहेबांनी काठी अण्णांपुढे धरली. दोन्ही हातांनी, भेटवस्तू देतात तशी.

अण्णा मागे सरले. "मी कधी धरली नाही." ते काम करायचे तिथे पोरांनी काठीला हात लावलेला चालत नसे. पेरूच्या फांदीची वाकडी काठी करून ही पोरं मागच्या माळावर हरवलेल्या चेंडूंनी खेळायची, तेवढंच. साहेब काठी धरून उभेच. शेवटी अण्णांनी तळवे पँटला पुसले आणि ती घेतली. पाच वर्षं ज्यांच्या बॅगा वाहिल्या त्यांचं बघून बघून आलेली ती उभं राहण्याची ढब इतकी बेतशीर होती, की बाजूचा एक गोरा माणूस थांबून बघायला लागला. अण्णांनी चेंडू मारला. भोकाच्या कडेवरून वीतभर पुढे गेला.

"जोर जास्त झाला," अण्णा म्हणाले. "पण रेषा बरोबर होती."

"रेषा बरोबर होती," मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं.

त्या दिवशी दोघांनी दोन तास काढले. भाषेची दोघांनाही अडचण आली नाही. मी बाकावर बसून बघत होते, कुणी मला बोलावलंही नाही.

मार्चमध्ये दोघेही आठवड्याच्या अंतराने परतले, एक पुण्याला, एक सैतामाला. जाताना साहेबांनी अण्णांना एक पांढरा चेंडू दिला, त्यावर जपानीत काहीतरी लिहिलेलं. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाले, "आगेवाला. मी तुमच्याकडून ऐकलं तसं लिहिलं." पुण्याच्या घरी तो टीव्हीशेजारी ठेवला आहे. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णा तो दाखवतात आणि सगळं सांगतात, चेंडू लागल्याचंसुद्धा. माझ्या मुलीने शाळेत 'माझे आजोबा' यावर बोलताना पहिलंच वाक्य तेच म्हटलं.

तुमच्यापैकी कुणाचे आई-वडील सध्या व्हिजिट व्हिसावर आले असतील आणि गॅलरीत बसून रस्ता बघत असतील. त्यांना फिरवा, जरूर फिरवा. पण रस्त्यावरचं काही बघून त्यांनी "हे काय गं?" विचारलं, तर माझ्यासारखं उत्तर देऊ नका. आधी विचारा, "तुम्हाला काय वाटतं?"

२०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा कतार मास्टर्स झाली. चीनचा ली हाओतोंग जिंकला. शेवटच्या दिवशी मी एकटीच गेले होते. दुपारी अण्णांचा फोन आला. कसा आहेस, जेवलीस का, काही नाही.

"वारा कुठनं आहे?" त्यांनी विचारलं.

मी झेंड्याकडे बघून सांगितलं.